पिनो न्वारचा आस्वाद: कोल्हापूरच्या घरात, पायरीपायरीने

पिनो न्वार ही वाइन कोल्हापुरात बहुतेक वेळा दोन कारणांनी वाया जाते: एक आपला उन्हाळा आणि दुसरे आपले जेवण. लाल वाइन असूनही ती अंगाने हलकी, रंगाने फिकट आणि वासाने नाजूक असते. तीस अंशांच्या खोलीत ती उघडली की अल्कोहोलची धग आधी नाकात शिरते आणि बाकीचे वास तिच्यामागे दडून जातात; त्यातच शेजारी तांबड्या रश्श्याची वाटी असली, तर जिभेला ती नुसतीच आंबट लागते. माझी पहिली बाटली अशीच गेली. मे महिन्यात, राजारामपुरीतल्या माडीवरच्या खोलीत, दिवसभर कपाटावर उभी असलेली बाटली आम्ही जेवणाबरोबर उघडली आणि दोन घोटांनंतर बाजूला सारली. त्याच वाइनची दुसरी बाटली पुढच्या जानेवारीत, नीट थंड करून, फक्त अळणी, म्हणजे चटणी-मसाला न घातलेल्या, मटणाबरोबर घेतली, तेव्हा करवंद, वाळलेला गुलाब आणि पावसाळ्यातल्या रानाचा वास एकामागून एक उलगडत गेला. वाइन तीच होती; बदलले होते ते तिला दिलेले तापमान, पेला आणि सोबत. हे तिन्ही कसे सांभाळायचे आणि त्यानंतर वाइन कशी पाहायची, हुंगायची आणि चाखायची, हे पुढे क्रमाने दिले आहे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो आणि वयाची अट आहे, ती पाळूनच हे सारे करावे, हे वेगळे सांगायला नको.

आधी द्राक्ष समजून घ्यावे

पिनो न्वार हे मूळचे फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचे काळे द्राक्ष. घोस लहान आणि घट्ट, पाइनच्या फळासारखा दिसणारा; त्यावरूनच हे नाव पडले असे मानतात, आणि न्वार म्हणजे काळा. या द्राक्षाची साल पातळ असते. वाइनचा लाल रंग आणि तुरटपणा हे दोन्ही मुख्यतः सालीतून येतात, त्यामुळे साल पातळ म्हणजे रंग फिकट आणि तुरटपणा मवाळ, हे गणित एकदा लक्षात ठेवले की पुढचे निम्मे गोंधळ टळतात.

हे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर तासगावची काळी द्राक्षे बाजारात असतात तेव्हा त्यांतले एक द्राक्ष बोटांत चुरडावे. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. उरलेली साल सावकाश चावली की हिरड्या किंचित आखडतात आणि जीभ कोरडी पडते. काळ्या द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा केला तर त्याची पांढरी वाइनही करता येते, आणि शॅम्पेनमध्ये पिनो न्वार वापरतात ते असेच. लाल वाइनसाठी मात्र रस सालींसकट आंबवतात.

या वेलीला लवकर फुटवे येतात, ती लवकर पिकते आणि तिला थंडावा मानवतो. बर्गंडी सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अमेरिकेतले ओरेगन राज्याचे विलामेट खोरे आणि न्यूझीलंडमधले सेंट्रल ओटागो ही पिनोची दोन नावाजलेली ठिकाणे साधारण ४५ अंशांवर, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. कोल्हापूर १७ अंशांच्याही खाली आहे. उष्ण जागी हे द्राक्ष भराभर साखर धरते, आम्लता गमावते आणि त्याच्या वासाला मुरंब्याची छटा येते. नाशिककडच्या वाइनमध्ये शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ, शेनिन ब्लाँ ही द्राक्षांची नावे सहज दिसतात आणि पिनो क्वचितच, त्यामागे हे हवामान आहे. म्हणून आपल्या हाती येणारी पिनो बहुधा आयात केलेली असते, आयातशुल्कामुळे महाग पडते, आणि तिच्यावर एवढी काळजी खर्च करण्याचे तेही एक कारण आहे.

बाटली निवडताना

बर्गंडीच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव बहुतेक वेळा नसतेच, तिथे गावाचे किंवा मळ्याचे नाव असते. नुसते ‘बूर्गोन्य’ लिहिलेली लाल वाइन साधारणपणे पिनो न्वारचीच असते आणि सुरुवातीला तीच घ्यावी. तिच्या वरच्या पायरीवर गावाच्या नावाची वाइन, त्यावर ‘प्रेमिए क्रू’ आणि सर्वांत वर ‘ग्राँ क्रू’ अशी चढण आहे. हे वर्गीकरण जमिनीच्या तुकड्याचे आहे. सर्वांत प्रसिद्ध तुकडा, रोमाने-काँती, हा सुमारे साडेचार एकरांचा आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम ऊस बागायतदाराच्या रानाएवढा. इथल्या मठांतल्या साधूंनी कित्येक पिढ्या शेजारशेजारच्या तुकड्यांतला फरक पारखला, आणि १३९५ साली बर्गंडीचा सत्ताधीश ड्यूक फिलिप याने गामे हे भरघोस पिकणारे द्राक्ष उपटून टाकण्याचा हुकूम काढून पिनोची बाजू घेतली. या तुकड्यांना तिथे ‘क्लिमा’ म्हणतात आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इतका इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की पिनोची चव जमिनीगणिक बदलते असे तिचे चाहते म्हणतात तेव्हा त्यामागे शतकांचे निरीक्षण असते.

इतर देशांत लेबल सोपे असते, कारण द्राक्षाचे नाव ठळक छापलेले असते. जर्मनीची बाटली असेल तर त्यावर ‘श्पेटबुर्गुंडर’ आणि इटलीची असेल तर ‘पिनो नेरो’ असे लिहिलेले आढळेल; द्राक्ष तेच. विलामेट खोऱ्यात बागायतदार डेव्हिड लेट यांनी १९६५ साली पिनोची लागवड केली, म्हणजे तिथली परंपरा तरुण आहे, तरीही आज बर्गंडीबाहेरच्या पिनोची चर्चा विलामेटच्या नावाशिवाय होत नाही. न्यूझीलंडच्या बहुतेक बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचे झाकण असते. ते हलक्या मालाचे लक्षण नाही, उलट आपल्यासारख्या उष्ण गावात मी तेच पसंत करतो, कारण बुचाचा एक मोठा दोष त्यात जवळजवळ संभवत नाही.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवावेत. काचेच्या कपाटात उन्हाच्या तिरिपेत किंवा दिव्याखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली घेऊ नये. बूच किंचित वर सरकलेले असेल, झाकणाखाली चिकट ओघळ असेल, किंवा त्याच वाइनच्या इतर बाटल्यांपेक्षा पातळी खाली असेल, तर ती बाटली कुठेतरी तापली आहे असे समजावे. शक्य असेल तर खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. एप्रिलमध्ये बाटली गाडीत ठेवून महाद्वार रोडवर आणखी दोन कामे उरकणे म्हणजे ती चुलीशेजारी ठेवण्यासारखेच आहे. साधी पिनो घेतल्यापासून दोन-तीन वर्षांच्या आत संपवलेली बरी, आणि तोवर ती घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, बूच असेल तर आडवी ठेवावी.

तापमान: सर्वांत महत्त्वाची पायरी

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या घरांसाठी होता. कोल्हापूरच्या खोलीला तो लावता येत नाही. पिनो न्वारसाठी १३ ते १६ अंश सेल्सिअस ही योग्य मर्यादा आहे. त्याहून थंड झाली तर वास मिटतो आणि आंबट-तुरटपणा टोचतो. त्याहून गरम झाली तर अल्कोहोल वर येतो आणि फळाचा ताजेपणा जातो.

घरातल्या फ्रीजचे तापमान चार-पाच अंश असते. उन्हाळ्यात तीस अंशांवर असलेली बाटली फ्रीजमध्ये साधारण दीड ते दोन तास ठेवली की ती योग्य तापमानाच्या जवळ येते. घाई असेल तर पातेल्यात निम्मे बर्फ, निम्मे पाणी घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. नुसता बर्फ घालू नये, कारण पाण्यामुळे थंडावा काचेला सर्व बाजूंनी भिडतो आणि नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली बाटली बाहेर काढून अर्धा तास ठेवावी. हे सगळे अंदाज आहेत. दुधासाठी किंवा स्वयंपाकासाठी मिळणारा साधा थर्मामीटर घरात असेल, तर पहिल्या काही वेळा तो पेल्यातल्या वाइनमध्ये बुडवून पाहावा. हाताला बाटली ‘माठातल्या पाण्याहून जराशी गार’ लागते तेव्हा किती अंश असतात, हे एकदा कळले की नंतर हातच पुरेसा होतो.

आपल्याकडे पेल्यातली वाइन वीस मिनिटांत कित्येक अंशांनी तापते. म्हणून ओतताना ती १२-१३ अंशांवर असू द्यावी, एका वेळी थोडीच ओतावी आणि बाटली पुन्हा फ्रीजमध्ये किंवा गार पाण्यात ठेवावी. या तापत जाण्याचाही उपयोग करून घेता येतो: पहिला वास थंडीत घ्यावा, दुसरा दहा मिनिटांनी, तिसरा आणखी दहा मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी काय बदलले ते लिहावे. आधी आंबट फळ, मग फूल, मग माती असा क्रम मला वारंवार आढळला आहे.

पेला आणि खोली

पेला पातळ काचेचा, दांडीचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी आत वळलेला हवा. रुंद पोटामुळे वाइनला हवा लागते, आणि निमुळत्या तोंडामुळे सुटलेला वास आत अडून राहतो. पिनोसाठी खास मोठ्या पोटाचे पेले मिळतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. पेला स्वच्छ असणे अधिक महत्त्वाचे आहे. माझ्या घरी एकदा चार पाहुण्यांसमोर चारही पेल्यांना एकच विचित्र, औषधी वास येऊ लागला आणि मी बाटलीला दोष दिला. पेले कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी वर्षभर पडून होते, आणि तो वास काचेच्या पोटात साठला होता. तेव्हापासून पेले आधी साध्या गरम पाण्याने विसळावेत, साबणाचा वास राहू देऊ नये, कपड्यांच्या कपाटातल्या फडक्याने पुसू नयेत, आणि ओतण्याआधी रिकामा पेला हुंगावा, हा नियम मी केला आहे.

खोलीत त्या वेळी उदबत्ती, धूप, अत्तर, डास पळवणारी कॉइल यांपैकी काही नसावे. एप्रिल-मेमध्ये गल्लीत चटणीचा, म्हणजे वर्षाच्या तिखट-मसाल्याचा, हंगाम असतो. कुठे मिरची भाजली जात असते, कुठे डंकावरून आलेले डबे भरले जात असतात, आणि तो खमंग, ठसका लावणारा वास दारे लावूनही आत येतो. अशा दिवशी पिनो उघडू नये. सकाळी अकराच्या सुमाराला, जेवणाआधी, नाक आणि जीभ दोन्ही ताजी असतात. रविवारची ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते. त्याआधीचा तासभर चहा, पान, तंबाखू, बडीशेप टाळावी.

चाखण्यासाठी एका वेळी ५० ते ६० मिलिलिटर पुरेसे आहे. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा जणांना प्रत्येकी दोनदा मिळते. घोट चाखून थुंकण्यासाठी प्रत्येकाजवळ एक रिकामे भांडे ठेवावे आणि ते वापरताना संकोच करू नये. जाणकार तेच करतात. ज्याला नंतर गाडी चालवायची आहे त्याने त्या दिवशी फक्त हुंगावे.

वासाची शिदोरी

वाइनच्या वर्णनात रास्पबेरी, क्रॅनबेरी, ब्लॅक चेरी असे शब्द येतात आणि ज्याने ही फळे कधी हुंगलीच नाहीत तो पहिल्याच पानावर हिरमुसतो. पिनोच्या बाबतीत असे हिरमुसण्याचे कारण नाही, कारण तिचे बहुतेक वास आपल्या आसपास वेगळ्या नावांनी हजर आहेत. पहिल्या बैठकीच्या आधी एक-दोन दिवस त्यांची शिदोरी जमवावी.

फळांसाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात सहज मिळते, आणि तिकडची रास्पबेरीही हंगामात मिळते. उन्हाळ्यात करवंदे घ्यावीत, त्यानंतर जांभळे. तुती मिळाली तर उत्तम. आमसूल भिजवून त्याचे पाणी एका वाटीत ठेवावे. कमी पिकलेल्या पिनोतला टोकदार, लाल आंबटपणा ओळखायला याहून सोपी खूण मला सापडलेली नाही. मसाल्याच्या डब्यातून लवंग आणि दालचिनीचा तुकडा घ्यावा, कारण ओकच्या लाकडी पिंपात राहिलेल्या वाइनमध्ये हे वास उतरतात. फुलांसाठी ताजा गुलाब, वाळलेला गुलाब आणि गुलकंद असे तिन्ही वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. बीट किसून ठेवावे. बिटाचा तो मातकट वास आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणारा वास, हे दोन्ही जिओस्मिन नावाच्या एकाच द्रव्याचे आहेत, हे कळल्यापासून मला बीट वेगळेच वाटू लागले आहे. बटण मशरूम कापून ठेवावे. गगनबावडा, आंबा घाट किंवा राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात जाणे झाले, तर रस्त्याकडेचा ओला पाचोळा हातात घेऊन हुंगावा. जुन्या पिनोचे वर्णन करताना ‘रानातली जमीन’ असा जो शब्दप्रयोग होतो, तो हाच वास.

आणि चामडे. जुनी होत गेलेली पिनो हळूहळू फळ सोडते आणि तिला चामड्याचा, मशरूमचा, ओल्या पानांचा वास येऊ लागतो. कोल्हापूरच्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. चप्पल लाईनमधून नवी जोडी घेऊन कागद उलगडताना जो वास येतो, तोच नाकात धरून ठेवायचा.

या वस्तू वाट्यांत घालून वर कागद झाकावा, डोळे मिटून कोणीतरी पुढे केलेली वाटी हुंगावी आणि नाव सांगावे. पहिल्या वेळी निम्म्या चुकतात. चुकण्याचे कारण नाक नसते. वास ओळखीचा असतो पण वस्तू डोळ्यांसमोर नसली की नाव आठवत नाही. नाव आणि वास यांची गाठ घट्ट करणे, एवढाच हा सराव आहे. माझी आई वाइन घेत नाही, पण भाजलेली मिरची उतरवायची वेळ ती स्वयंपाकघराबाहेरून नुसत्या वासावर सांगते. एकदा तिच्यापुढे बर्गंडीचा पेला धरला, तर ती लगेच म्हणाली, “अरे, आजोबांच्या फोटोवरचा हार दोन दिवसांनी काढताना असाच वास येतो की.” बाटलीमागच्या कागदावर वाळलेल्या गुलाबपाकळ्या असेच लिहिले होते.

पाहणे

पेला एक तृतीयांशापेक्षा कमी भरावा, पांढऱ्या कागदावर पंचेचाळीस अंशांत तिरका धरावा आणि दिवसाच्या उजेडात वरून पाहावे. कागदाऐवजी वर्तमानपत्र ठेवले तर पिनोतून अक्षरे वाचता येतात. शिराझमधून बहुधा येत नाहीत. काठाचा रंग नीट पाहावा. तरुण वाइनचा काठ गुलाबी-जांभळट असतो, आणि वय वाढते तसा तो विटकरी, मग तपकिरी होत जातो. फिकट रंग म्हणजे पाणचट वाइन, हा समज इथेच सोडून द्यावा. पेला फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात, ते मुख्यतः अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे होतात; त्यांवरून दर्जा ठरत नाही आणि त्यांत वेळ घालवू नये.

हुंगणे

पिनोच्या आस्वादाचा मोठा भाग नाकाने होतो, म्हणून ही पायरी घाईने उरकू नये. प्रथम पेला न हलवता नाकाजवळ आणून एक लहानसा श्वास घ्यावा. अगदी हलके वास, विशेषतः फुलांचे, या वेळी कळतात. मग पेला टेबलावरच ठेवून, दांडीला धरून, लहान वर्तुळात चार-पाच वेळा फिरवावा आणि लगेच हुंगावे. लांब, खोल श्वास घेऊ नये. दोन-तीन छोटे श्वास घेऊन थांबावे, कारण नाक काही सेकंदांतच एखाद्या वासाला सरावते आणि मग तो येईनासा होतो. नाक थकले असे वाटले तर स्वतःच्याच मनगटाचा किंवा सदऱ्याच्या बाहीचा वास घ्यावा आणि परत यावे.

नाव शोधताना मोठ्या प्रश्नाकडून लहानाकडे जावे. फळ आहे का? असेल तर लाल की काळे? लाल असेल तर कच्चे, पिकलेले की शिजवलेले? पिकलेले लाल असेल तर स्ट्रॉबेरीकडे झुकते की करवंदाकडे? बर्गंडीच्या साध्या पिनोत मला बहुधा आंबटसर लाल फळ आणि माती सापडते. सेंट्रल ओटागोच्या पिनोत फळ अधिक गडद आणि भरदार असते. कॅलिफोर्नियाच्या उबदार भागांतल्या पिनोत ते पिकून गोडसर झालेले असते. या ढोबळ खुणा आहेत, आणि उत्पादकागणिक त्या बदलतात.

घोट

लहान घोट घेऊन तो सगळ्या तोंडात फिरवावा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी आणि पाच-सहा सेकंदांनी गिळावा किंवा थुंकावा. हवा ओढताना होणाऱ्या आवाजाची लाज वाटते, पण त्याच हवेमुळे वास घशाच्या मागून नाकात चढतो. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला फार मोठा वाटा अशा मागून आलेल्या वासाचा असतो. खात्री करून घ्यायची असेल तर नाक दाबून लवंग चावावी. झणझण कळते, लवंग कळत नाही. नाक सोडताच लवंग परत येते.

आता चार गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. आंबटपणा किती, हे गिळल्यानंतर मान खाली घालून पाहावे. गालांच्या आतून लाळ किती जोरात सुटते, त्यावरून ते कळते, आणि चांगल्या पिनोत ती भरपूर सुटते. तुरटपणासाठी मराठीत एवढा नेमका शब्द आहे हे आपले भाग्य आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तेच टॅनिनचे काम: ते लाळेतल्या प्रथिनांना बांधते आणि तोंडाचा ओलावा निसटतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तेही त्यांतल्या टॅनिनमुळेच. हिरड्याचा तुकडा चघळला की तुरटपणाचे वरचे टोक कळते. पिनो त्याच्या खूप खाली, मऊ मलमलीसारखी असायला हवी. अल्कोहोलची ऊब घशात जाणवते. पिनोत तो साधारण साडेबारा ते साडेचौदा टक्के असतो. आणि चौथे, अंग. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला अंग म्हणजे काय हे समजावण्याची गरज नाही. तोंडात जो जड, दाट भराव वाटतो तो म्हशीच्या दुधाचा, आणि हलका, वाहता वाटतो तो गाईच्या दुधाचा. पिनो गाईच्या दुधाच्या बाजूची आहे, आणि तिच्याकडून म्हशीच्या दुधाची अपेक्षा केल्यामुळेच आपल्याकडे अनेकांना ती ‘कमी’ वाटते.

गिळल्यानंतर मनातल्या मनात आकडे मोजावेत. चव पाच सेकंदांत विझली तर वाइन साधी. पंधरा-वीस सेकंद टिकून शेवटी वेगळाच वास मागे ठेवून गेली तर वाइन चांगली. दर्जाची ही कसोटी मला सर्वांत विश्वासाची वाटते.

बिघडलेली बाटली

वाइन आवडली नाही आणि वाइन बिघडलेली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल लागलेल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्राच्या रद्दीचा वास आला आणि फळ गायब असेल, तर दोष बुचाचा आहे. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य त्याला कारणीभूत असते आणि त्यावर उपाय नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला तर वाइनला हवा लागलेली आहे. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास ठळक असेल तर आंबवण हाताबाहेर गेले आहे. उकळलेल्या मुरंब्याचा वास आणि सपाट चव हे तापलेल्या बाटलीचे लक्षण, आणि आपल्या भागात हाच दोष मला सर्वांत जास्त आढळला आहे. काडी ओढल्यासारखा किंवा किंचित अंड्यासारखा वास मात्र पुष्कळदा दहा मिनिटे पेला फिरवल्यावर उडून जातो, तेव्हा लगेच निकाल देऊ नये.

शेजारी दुसरा पेला

एकटी पिनो चाखून फारसे शिकता येत नाही. पहिल्या बैठकीत तिच्या शेजारी नाशिकची एखादी शिराझ ठेवावी, दोन्ही १५ अंशांच्या आसपास. आधी पिनो, मग शिराझ, हा क्रम मोडू नये, कारण शिराझनंतर पिनो ऐकूच येत नाही. रंग, तुरटपणा आणि अंग यांतला फरक एका मिनिटात समजतो. दुसऱ्या बैठकीत चार-पाच जणांनी वर्गणी काढून दोन देशांच्या पिनो आणाव्यात, बाटल्यांना कागद गुंडाळावा, आणि प्रत्येकाला तीन पेले द्यावेत, दोनांत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे. हे वाटते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे आणि लेबलावरची किंमत आपल्या जिभेवर किती राज्य करते, हे त्यात लख्ख दिसते.

नोंदवही ठेवावी, आणि तीत ‘छान’, ‘बरी’ असे शब्द लिहू नयेत. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “बूर्गोन्य, १४ अंश. अक्षरे स्पष्ट वाचता येतात. आधी आमसूल, मग कच्चे करवंद. वीस मिनिटांनी ओला पाचोळा. लाळ भरपूर. तुरटपणा जांभळापेक्षा कमी. बारा सेकंद. शेवटी लवंग.” चार वर्षांनंतरही ती वाचली की ती वाइन तोंडात येते.

जेवणाची सोबत

तांबडा रस्सा आणि पिनो एकत्र आणू नयेत, हे मी कोल्हापूरचा असूनही ठामपणे सांगतो. मिरचीतले तिखट द्रव्य पाण्याने धुतले जात नाही, अल्कोहोलमुळे त्याची आग वाढते, आणि त्या आगीत पिनोचा एकही वास जिवंत राहत नाही. पांढरा रस्सा नारळ-खसखशीच्या मऊपणामुळे बराच जवळचा आहे, मात्र त्यात मिरी आणि हिरवी मिरची हात राखून घालावी. पण खरी जोडी अळणीची. मटणाला हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवलेले, चटणी पडण्याआधीचे ते मटण आणि त्याचे पाणी, जे आपण घरातल्या लहान मुलांसाठी बाजूला काढतो, ते पिनोशेजारी ठेवावे. मांसाचा गोडवा वाइनच्या आंबटपणाने उजळतो, स्निग्धता कापली जाते, आणि मसाला नसल्यामुळे वास झाकले जात नाहीत. शाकाहारी घरात लोण्यावर परतलेले मशरूम, त्यात फक्त मीठ आणि मिरी, तेवढेच समाधान देतात. मशरूम आणि मुरलेली पिनो यांचा वास एकाच कुळातला आहे. चाखण्याच्या बैठकीत मात्र साधा पाव आणि पाणी यांपलीकडे काही ठेवू नये, जेवण त्यानंतर.

उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिच्यातून ५० मिलिलिटर काढून पुन्हा १४ अंशांवर येऊ द्यावी आणि वहीतल्या कालच्या नोंदीशेजारी आजची नोंद करावी. तरुण, थोडी टोकदार पिनो दुसऱ्या दिवशी पुष्कळदा मऊ झालेली आढळते, जुनी मात्र एका रात्रीत ढासळते. तिसऱ्या दिवसापर्यंत फळ बरेचसे निघून जाते. तेव्हा जे काही उरले असेल ते मशरूम परतताना कढईत ओतावे, आटेपर्यंत ढवळावे आणि गॅस बंद करण्याआधी एकदा वाकून वाफेचा वास घ्यावा.